जीप तीनवर चालते तेव्हा...

आपल्या मेसला भाजी आणि दूध घेऊन येणारी काकांची जीप सगळ्यांनाच माहीत आहे. पुढे दोघांची केबिन, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि आवाज असा की पहिल्या लेक्चरला अलार्मची गरज नाही. नवीन पोरं तिला हसतात. पण रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं की गावातल्या दवाखान्यात न्यायला तीच येते, हे एक वर्ष हॉस्टेलला काढलं की कळतं.

या जीपने ऑगस्ट २०२३ मध्ये एका रात्री दगा दिला. त्या दग्यात माझाही हात होता. त्यातून इंजिनच्या मिसिंगबद्दल जे शिकलो ते लिहितो आहे. मेकॅनिकलवाल्यांना यातलं बरंच सिलॅबसमध्ये आहे. बाकीच्यांनी घाबरू नये, गणित फारसं नाही.

आधी गाडीची ओळख. ही मूळ विलीस घराण्यातली जुनी पेट्रोल जीप, काकांच्या वडिलांनी लिलावात घेतलेली आणि मागून पिकअप करून घेतलेली. अशा बहुतेक जीपांमध्ये मालकांनी पुढे डिझेल इंजिन बसवून घेतलं. काकांनी मात्र मूळ ‘हरिकेन’ इंजिन ठेवलं. चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी. याची रचना मजेदार आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. याला एफ-हेड म्हणतात. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ही ऑर्डर लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते.

माझा पहिला सल्ला

जुलैच्या शेवटी गाडी ‘मिस’ मारायला लागली. सकाळी थंडीत आणि पावसात जास्त, ऊन पडलं की बरी. रिकामी असली की ठीक, भरून चढाला लागली की लंगडायची. काका म्हणाले, “पोरांनो, एवढं इंजिनिअरिंग शिकता, बघा की जरा.”

मी नुकताच एसईला गेलो होतो, अंगात उत्साह फार. प्लग काढले. तीन नंबरचा काळा आणि ओला, बाकीचे बरे. मी ऐटीत म्हणालो, “काका, प्लग गेलाय. चारही नवीन टाका.” काकांनी टाकले, गाडी पळायला लागली. आठ-दहा दिवस मेसमध्ये मला एक्स्ट्रा पापड मिळत होता!

मग ती रात्र आली. फर्स्ट इयरचा एक मुलगा पोटात उजवीकडे दुखतं म्हणून विव्हळत होता, अंगात ताप. पाऊस धो धो, फोनला रेंज नाही. रेक्टर सरांनी काकांना उठवलं. पुढे काका, सर आणि तो मुलगा; मागे ताडपत्रीखाली आम्ही दोघं. घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी धक्के देऊ लागली. कार्बोरेटरमधून फट् फट् आवाज यायला लागले, आणि पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती वर ओढेना. शेवटी बंदच पडली. पाऊण तास आम्ही त्या अंधारात उभे होतो. मागून दुधाचा टेम्पो आला म्हणून निभावलं. पहाटे मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. डॉक्टर एवढंच म्हणाले, “अजून उशीर करायला नको होता.” तो वाक्य मला उद्देशून बोलला नव्हता, पण ते मलाच लागलं.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून आणली. गावातल्या मिस्त्रीने तीन नंबरचा प्लग पाहिला: पुन्हा काळा, ओला. त्याने निदान केलं, “रिंगा गेल्या, ऑइल वर येतंय. इंजिन खोलावं लागेल. त्यापेक्षा डिझेल इंजिन टाका.” आकडा ऐकून काका गप्प बसले. मेसच्या धंद्यात तेवढे पैसे एकदम निघत नाहीत. त्यांनी गाडी भंगारात द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

तेव्हा आपल्या वर्कशॉपमधले मामा म्हणाले, “रविवारी इथं आणा. आधी बघू तरी काय आहे ते.”

मिसिंग म्हणजे नक्की काय?

पेट्रोल इंजिनच्या सिलिंडरमध्ये स्फोट व्हायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, ते दाबलं जाणं म्हणजे कॉम्प्रेशन, आणि योग्य वेळी ठिणगी. यातली एक जरी चुकली तरी त्या फेरीला तो सिलिंडर काम करत नाही, उलट बाकीच्या तिघांना त्याला ओढावं लागतं. मिस्त्री लोक याला ‘गाडी तीनवर चालते’ म्हणतात.

आता छोटा हिशोब. फोर स्ट्रोक इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. आयडलला इंजिन मिनिटाला ६०० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो आणि चारही मिळून वीस वेळा. एक सिलिंडर कायमचा मेला तर सेकंदाला पाच ‘खड्डे’ पडतात. सायलेन्सरच्या तोंडाशी थोड्या अंतरावर हात धरला तरी तो ठेका कळतो: फुस-फुस-फुस-(काही नाही)-फुस. ठेका नियमित असेल तर दोष एका सिलिंडरचा. अनियमित असेल, कधी हा कधी तो, तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या भागात शोधायचा: पेट्रोलमधला कचरा, कार्बोरेटर, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर.

काकांच्या जीपचा ठेका आयडलला नियमित होता. म्हणजे एकच सिलिंडर.

आजारी सिलिंडर कोणता?

मामांनी मला पहिली शिस्त शिकवली: अंदाज नाही, चाचणी. इंजिन आयडलला ठेवायचं आणि एकेका प्लगची ठिणगी थोडा वेळ तोडायची. चांगल्या सिलिंडरची ठिणगी तोडली की इंजिनचा आवाज पडतो. ज्याची तोडून काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला आहे. आमच्याकडे १, २, ४ ला आवाज पडला, ३ ला नाही.

इथे दोन सूचना. हायटेन्शन वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. उघड्या हाताने वायर उपटायची नाही, इन्सुलेटेड पक्कड वापरायची आणि वायरचं टोक बॉडीला अर्थ करायचं. आणि हा प्रयोग आजच्या इंजेक्शनच्या गाडीवर करायचा नाही. तिथे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खराब होतो. इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक भागही जाऊ शकतात. त्या गाड्यांना स्कॅनर लावतात. पी०३०३ असा कोड आला म्हणजे तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, पी०३०० आला म्हणजे कधी हा कधी तो. पण लक्षात घ्या, कोडसुद्धा फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

प्लग वाचायचा कसा?

प्लग काढताना चारही ओळीने ठेवायचे, कुठला कुठून काढला ते विसरायचं नाही. रेडिएटरकडचा पहिला सिलिंडर.

पोर्सेलिनचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर प्रकृती उत्तम. कोरडी, मऊ काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल. टोक पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ आहे, टायमिंग पुढे गेलंय किंवा प्लग चुकीचा आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरलं की मिश्रण थोडं पातळ होतंच, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. तेव्हा पांढऱ्या प्लगकडे आजकाल जास्त लक्ष द्यावं. चकचकीत काळं आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. आणि पेट्रोलचा वास येणारा ओला प्लग म्हणजे मिश्रण आलं, पण पेटलंच नाही.

आमचा तीन नंबरचा प्लग ओला होता, काळाही होता. मी आणि मिस्त्री दोघांनीही फक्त काळेपणा पाहिला. वास कोणी घेतला नाही. मामांनी तो नाकाशी धरला आणि माझ्या हातात दिला. पेट्रोल!

आता यामागचं शास्त्र. प्लगचं टोक चालू इंजिनमध्ये साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावरची काजळी आणि तेल आपोआप जळून जातं. प्लग स्वतःला साफ करत राहतो. प्रत्येक इंजिनमध्ये थोडंफार ऑइल वर येतंच, जुन्यात जरा जास्त. पण पेटणाऱ्या सिलिंडरमध्ये ते जळतं, दिसत नाही. सिलिंडर पेटायचा थांबला की टोक थंड पडतं आणि सगळं तिथेच साचतं. म्हणजे प्लग काळा पडला म्हणून ठिणगी गेली, की ठिणगी गेली म्हणून प्लग काळा पडला? नुसत्या प्लगकडे बघून हे सांगता येत नाही. मी पहिलं धरून चाललो, आणि तिथेच फसलो.

एका वेळी एकच बदल

मग अदलाबदल. एक नंबरचा चांगला प्लग तीनमध्ये आणि तीनचा साफ करून एकमध्ये. गाडी चालू केली: एक व्यवस्थित, तीन मेलेलाच. म्हणजे प्लग निर्दोष. मग वायर बदलली, एक नंबरची वायर तीनला लावली. तरी तीन मेलेलाच. वायरही निर्दोष.

मी घाई करून म्हणालो, “मामा, म्हणजे रिंगाच असणार!” मामा म्हणाले, “अरे बाबा, मोजल्याशिवाय कशाला बोलतोस?”

कॉम्प्रेशन गेज लावलं. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून सेल्फ मारायचा. प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग लिहून घ्यायचं. इथे आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. एखादा बाकीच्यांच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली असेल तर चिंता. मग त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. रीडिंग वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. आमचे चारही एकमेकांच्या जवळपास निघाले, तीन नंबर दोन नंबरपेक्षा थोडा बराच होता! इंजिन खोलायची गरज नाही, हे तिथेच ठरलं. काका इतका वेळ लांब उभे होते, ते येऊन बोनेटजवळ उभे राहिले.

मिश्रणाचं काय? हवा कुठून चोरून आत येते का, हे पाहायला या इंजिनमध्ये फार जागाच नाहीत. इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. आणि तो ओला प्लग सांगतच होता की पेट्रोल पोचतंय.

कॉम्प्रेशन आहे, पेट्रोल आहे, प्लग आणि वायर ठीक आहेत. मग उरलं काय? ठिणगी वायरपर्यंत पोचण्याआधीचा रस्ता.

डेल्कोच्या टोपीत

ठिणगी तर मी पाहिली होती! प्लग काढून बॉडीला टेकवून सेल्फ मारला होता, छान निळी ठिणगी पडली होती. मग?

इथे फिजिक्स येतं. दोन टोकांमधल्या वायूत ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे अंतरावर आणि वायूच्या दाबावर, नीट सांगायचं तर घनतेवर, अवलंबून असतं. १८८९ मध्ये पाशेनने हा नियम मांडला. बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते. सिलिंडरमध्ये तेच मिश्रण कित्येक पट दाटलेलं असतं, तिथे कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. आयडलला थ्रॉटल बंद, सिलिंडर अर्धवट भरतो, तेव्हा कमी लागतात. चढाला थ्रॉटल पूर्ण उघडं, सिलिंडर पूर्ण भरतो, तेव्हा सर्वांत जास्त. म्हणूनच इग्निशनचा दोष आधी चढावर दिसतो. आणि वीज पाण्यासारखी: पुढचा रस्ता अवघड झाला की जिथे सोपी वाट मिळेल तिथून निघून जाते.

मामांनी वर्कशॉपचं शटर खाली घेतलं, दिवे बंद केले. गाडी चालू. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर पाण्याच्या बाटलीने हलकासा फवारा मारला. आणि दिसलं! तीन नंबरच्या टॉवरपासून शेजारच्या टॉवरकडे एक निळा धागा नाचत होता.

आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात. तो शब्द अमेरिकेतल्या १९०९ साली सुरू झालेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलाय. आत फिरणारा रोटर कॉइलकडून आलेला दाब फायरिंग ऑर्डरप्रमाणे एकेका टॉवरला वाटत जातो. टोपी काढून भिंग लावलं तर ३ आणि ४ च्या मधे केसाएवढी भेग होती आणि तिच्यात काळी रेघ. अशा भेगेतून ठिणगी एकदा गेली की तिथे कार्बन जमतो, कार्बन वीज वाहतो, म्हणून पुढची ठिणगी आणखी सहज जाते. त्यात पावसाचा ओलावा.

आता १-३-४-२ आठवा. तीनची ठिणगी पडायची वेळ असते तेव्हा चार नंबरचा पिस्टन खाली असतो, मिश्रण ओढून नुकतंच संपत आलेलं, दाब कमी. तिथे ठिणगी पडायला फार व्होल्ट लागतच नाहीत. म्हणून तीनच्या वाट्याची ठिणगी भेगेतून चारला जायची. त्या वेळी चारचा इनटेक व्हॉल्व्ह अजून पुरता बंद झालेला नसतो. मिश्रण पेटलं तर ज्वाला उलटी कार्बोरेटरकडे. घाटातला फट् फट् आवाज तो हा! तीन मेला, चार भलत्याच वेळी पेटला. चढ चढायला उरले दोन.

आणि माझ्या सल्ल्याने आठ दिवस गाडी का बरी झाली? नव्या प्लगचं टोक धारदार, गॅप नेमकी, पोर्सेलिन स्वच्छ. कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडत होती, म्हणून भेगेकडे जायची गरज नव्हती. जोराचा पाऊस आणि चढ एकत्र आले आणि भेगेने डाव साधला. मी रोग बरा केला नव्हता, फक्त लपवला होता. आणि गाडी बरी झाली असं समजून रेक्टर सर त्या मुलाला तिच्यात घेऊन बसले होते.

दुरुस्ती

जीपचे जुने पार्ट विकणाऱ्या दुकानातून टोपी आणि रोटर आणला. हॉस्टेलच्या एका दिवसाच्या भाजीपेक्षा कमी खर्च आला. प्लग साफ करून फिलर गेजने गॅप ०.०३० इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटर, लावली. पॉइंटची गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. संध्याकाळी काका, मामा आणि मी बटाट्याची दहा पोती मागे टाकून घाट चढलो. पाऊस होताच. वर पोचल्यावर काकांनी गाडी बंद केली नाही, नुसते ऐकत बसले.

तुमच्या बाइकला डेल्को नाही, टोपीही नाही. पण क्रम तोच. आधी ठेका ऐका. कोणता सिलिंडर ते शोधा (बाइकला एकच असतो, तेवढी मेहनत वाचली). प्लग बघा आणि वासही घ्या. प्लग कॅप आणि वायर पावसात अंधारात तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर बरं वाटलं तरी ‘का बरं वाटलं’ हे विचारा. उत्तर येत नसेल तर दुरुस्ती झालेली नाही असं समजा, आणि त्या गाडीवर आजारी माणूस बसवू नका.

ती भेग पडलेली टोपी मामांच्या टेबलावर आहे. मागितली तर ते भिंगासकट देतात. तीन आणि चारच्या मधे बघा.

– बी.ई. (यंत्र)